कागदाला न लावायची कात्री

१९ एप्रिल

ओवीच्या सुट्टीचा पहिलाच आठवडा, आणि मी आत्तापासून जूनची वाट बघतेय. "आई, कंटाळा आला" हे एकच वाक्य आठ वर्षांची मुलगी किती सुरांत म्हणू शकते! यमन सोडून सगळे राग झाले.

आज नाचणीची बिस्किटं. ओवी आणि वरच्या मजल्यावरची जावेची दोन. गूळ, तूप, नाचणीचं पीठ, साच्याला बाटलीची झाकणं. मळताना सगळे खूश. कुकरमध्ये मीठ पसरून भाजायला ठेवली आणि सासूबाईंनी हाक मारली म्हणून खाली गेले. झालं. जावेच्या धाकट्याने एक चावून बघितलं, मग उरलेली सगळी लगोरीला नेली. लगोरी मात्र झकास रचली गेली.

संध्याकाळी नुसतं नाक्यापर्यंत चालून यावं म्हटलं. आमच्या फाटकाचं चाक किंचाळतं. लग्न झाल्यापासून राकेश त्यात तेल घालणार आहे. ते किंचाळलं की प्रत्येक मजल्यावरून एक डोकं बाहेर. कोण चाललं? कुठं? काय आणायचंय, ड्रायव्हर आणेल की. "काही नाही, सहज" हे उत्तर या घरात चालत नाही. कोथिंबीर म्हटलं. मग खरंच आणावी लागली. फ्रिजमध्ये आधीच दोन जुड्या होत्या.

२२ एप्रिल

पोटमाळ्यावरून लग्नपत्रिकांचं पोतं काढलं. सासऱ्यांचा गोतावळा पार भिवंडीपर्यंत, त्यामुळे लग्नसराईत आमच्याकडे पत्रिकांचा पूर. जाड पुठ्ठा, मखमल, सोनेरी गोंडे, काही तर अक्षरशः पेटीत. टाकवत नाहीत आणि ठेवून उपयोग नाही. माझ्यासारख्याच. (हे उगाच लिहिलं.)

आधी सगळ्या गणपतींची कापणी. गणपती कचऱ्यात टाकायचा नाही, डब्यात जमवायचा, मग नदीत. उरलेल्या पुठ्ठ्याचे कंदील, पेनं ठेवायचे डबे, गोंड्यांचे मोर. मुलं दोन तास चिडीचूप.

मुलांच्या बोथट कात्र्यांना पुठ्ठा जाईना. सासूबाईंची (यापुढे सा.बा.) शिवणाची मोठी कात्री मागितली. मशीनच्या खणात असते, काळ्या मुठीची. "नाय. कागदाला लावली का धार मरते. ती कापराची कात्री हाय." म्हणजे फक्त कापडाची. ती मशीन मी आल्यापासून कधी चाललेली बघितली नाही. वर कव्हर, कव्हरवर बी.पी.च्या गोळ्या आणि रिमोट. पण कात्री नाही म्हणजे नाही.

२५ एप्रिल

डोंबिवलीहून बाईंचा फोन. लग्नाआधी दोन वर्षं मी ज्यांच्या शाळेत चित्रकला-हस्तकला शिकवत होते त्या बाई. आता मुख्याध्यापिका आहेत. कलेचे सर निवृत्त होतायत. "मानसी, जूनपासून येशील? तुझाच चेहरा आठवला बघ."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

बाई म्हणाल्या, "सांगून येतेस की विचारून, ते तुझं तू ठरव. पण शाळेच्या उन्हाळी शिबिरात एक तास घेऊन दाखव आधी. हात गंजलाय का बघू दे."

फोन ठेवल्यावर भाजीला फोडणी दिली आणि मोहरी घालायचीच विसरले. लग्न ठरताना इकडची माणसं म्हणाली होती, आमच्या घरी सुनेला नोकरी करायची गरज नाही. तेव्हा केवढी भाग्यवान वाटले होते मी! आई तर डोंबिवलीच्या सगळ्या चाळीला सांगत सुटली.

२७ एप्रिल

राकेशला सांगितलं. गाडीतच, घरात भिंतींनाही कान आहेत आणि भिंती सगळ्या नात्यातल्या.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे दादांशी बोलतो ना. मूड बघून."

दादा म्हणजे सासरे. त्यांचा मूड कायम चांगलाच असतो, हीच तर अडचण आहे. नवऱ्याचं 'बघू' म्हणजे लोणच्याची बरणी. एकदा त्यात गेलं की वर्षभर उघडायचं नाही.

३० एप्रिल

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

मुलांना कंदिलांचा नाद लागलाय. समोरच्या टॉवरमधली चार-पाच आणखी येऊ लागलीत. पोतं संपलं. मी राजगिऱ्याच्या लाह्यांचे लाडू वळत होते, म्हटलं दिवाणखान्यातल्या कपाटावरच्या घ्या, त्या जुन्या आहेत. जुन्या होत्या. एक सोडून.

दुपारी दादा घरभर पत्रिका शोधतायत. शनिवारी सा.बां.च्या भावाच्या नातवाची हळद, पाठोपाठ लग्न. पत्रिका गेली कुठं? पत्रिका बाल्कनीत लटकत होती. कंदील होऊन. नवरदेवाच्या नावाचे दोन तुकडे, मध्ये पिवळा कागद.

न झालेल्या लग्नाच्या पत्रिकेला कात्री! सा.बां.नी कपाळाला हात लावला. "अगो बया, अजून हलद लागली नाय पोराला." मीठ-मोहरी उतरवून झालं. कशावरून उतरवायची कळेना म्हणून कंदिलावरूनच. मला हसू येत होतं आणि रडूही.

दादा दारात उभे. मला वाटलं आता बॉम्ब. ते बघत होते मुलांकडे. नऊ-दहा मुलं जमिनीवर बसून कापतायत, चिकटवतायत, तोंडात लाडू. एकाच्याही हातात मोबाईल नाही.

"मानसी, ही पोरा कवापासून बसल्यान अशी?"

"जेवण झाल्यापासून."

"आयला." एवढंच. आणि एक लाडू उचलून गेले.

४ मे

काल हळदीला दादांनी सगळ्या मांडवाला कंदिलाची गोष्ट सांगितली. डीजेच्या आवाजात, ओरडून. "माझे सुनेने पोरांचे मोबाईल सोरवले!" प्रत्येक बाई येऊन माझा गाल धरून गेली. नवरदेवाची आईसुद्धा, तिला तर आम्ही पत्रिका कापल्याचं कळूनही. दोन मावश्या, आमच्या पोरांना पण घे गो.

छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

राकेशला तिथेच विचारलं, बोललास दादांशी? म्हणाला, आज कुठे, आज हळद.

९ मे

आईकडे जाते सांगून डोंबिवली. आईकडे गेलेही, अर्धा तास. मग शाळा.

शिबिराची चाळीस मुलं. मी पिशवीतून खराट्याच्या काड्या आणि पत्रिका काढल्या. पहिली पाच मिनिटं मी नुसत्याच काड्या वाटत राहिले. मग एक मुलगी म्हणाली, "मिस, माझा मोर बदक झालाय." म्हटलं, मग त्याला पाण्यात सोड. आणि सुटलं सगळं. हात गंजला नव्हता. वर्गाबाहेर पडताना खडूची पूड ओढणीला, नखांत डिंक, आणि माझं नाव कुणाची सून, कुणाची आई असं काही नाही, नुसतं मिस.

बाई: "शाळा उघडते त्या सोमवारी, सोळा जूनला, सकाळी हजर हो. जमेल?"

मी हो म्हटलं.

विचारलं नाही, सांगितलं नाही, नुसतं हो म्हटलं. येताना इतकी हलकी झाले होते की रिक्षावाल्याशीही गप्पा मारल्या. फाटक किंचाळलं. जाऊबाई वरून: "आई बरी आहे ना गं?"

१३ मे

नाक्यावर फ्लेक्स लागलाय. माझा.

"आपल्या परिसरात प्रथमच! सौ. मानसीवहिनी यांचा बाल हस्तकला व पौष्टिक खाऊ वर्ग. भव्य उद्घाटन." फोटो परवाच्या हळदीतला, त्यामुळे मी कावीळ झाल्यासारखी. शेजारी दादांचा फोटो, माझ्या दुप्पट. खाली शुभेच्छुक: राकेश, दीर, दोन चुलतदीर, सगळे गॉगल लावून, आणि समस्त ग्रामस्थ मंडळ.

भाजीवाली म्हणाली, वहिनी, फोटो मस्त आलाय.

घरी दादा वाटच बघत होते. "कसा वाटला? सरप्राइज!" गच्चीवर पत्र्याची शेड घालून देतायत. बेसिन, ओटा, फळा, पंखे. भटजीकडून मुहूर्तही काढून आणला. शाळा सुरू होतात तोच दिवस, सोमवार, सकाळी. पोरांना शाळा आणि शाळेनंतर तुझा क्लास, म्हणजे कसं एकदम बरोबर.

"तुना बाहेर कुठं जायला नको. सगला इथंच."

मी म्हटलं, थँक्यू दादा. माझ्या तोंडून आलं ते. दुसरं काही यायला हवं होतं.

१४ मे

राकेशने कबूल केलं. बोलला होता म्हणे. "मानसीला शिकवायची हौस आहे" एवढंच बोलला. नोकरी हा शब्द काढायचा धीर झाला नाही. दादांनी हौस ऐकली आणि सळया मागवल्या.

"मग आता?"

"दोन्ही कर ना. सकाळी शाळा, दुपारी इथं."

"आणि उद्घाटन?"

"बघू."

उशी फेकली. लागली नाही.

१९ मे

वर वेल्डिंग चालू. दिवसभर ठाण ठाण. दादा स्वतः उन्हात उभे, डोक्याला टॉवेल. मला वर बोलावून विचारतात, फळा हिरवा का पांढरा? स्टूल किती उंच? पोरांचे पाय टेकायला हवेत ना? कुणी वडील एवढं करणार नाहीत. माझ्या वडिलांनी मला डिप्लोमाला घातलं तेच हप्त्याहप्त्याने.

ओरडले असते तर भांडता आलं असतं. नाही म्हणाले असते तर रडून, रुसून, माहेरी जाऊन काहीतरी झालं असतं. यांच्या हातात नेहमी काहीतरी द्यायला असतं. देणाऱ्या हाताला ढकलायचं कसं?

आणि उघडच लिहिते, इथे कोण वाचणार आहे. मला नुसतं शिकवायचं नाहीये. शिकवणं गच्चीवरही होईल. मला सकाळी त्या फाटकाबाहेर जायचंय. कोथिंबीर न आणता.

२४ मे

खजूर आणि शेंगदाण्याच्या वड्या. ओवीने त्यांना डोळे लावले (मनुका), पाय लावले (काड्या), एकीचं नाव दादा ठेवलं आणि तिला खाल्लं नाही.

तिला नाक्यावरचा फ्लेक्स भयंकर आवडलाय. मैत्रिणींना दाखवायला नेते. आज हळूच विचारलं, मी शाळेत शिकवायला जाऊ लागले तर?

"माझ्या शाळेत?"

"नाही, डोंबिवलीत."

विचार केला तिने. "मग मी घरी येईन तेव्हा तू नसशील?"

"आजी असेल. मी थोड्या वेळाने येईन."

"त्यापेक्षा इथेच शिकव ना. तुझा फोटो पण लागलाय."

घरातल्या सगळ्यांत पटण्यासारखं हीच बोलते. तेच जास्त लागतं.

२९ मे

सा.बा. आणि मी नाचणी भाजत होतो, उद्घाटनाच्या लाडवांचा नमुना करून बघायला. घरात दुसरं कोणी नाही. त्या ढवळत होत्या, मी तूप सोडत होते. सांगून टाकलं. शाळा, बाई, सोळा तारीख, सगळं.

ढवळणं थांबलं नाही. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग म्हणाल्या, "मी कल्यानला शिवनकलासला जायची. लगीन झालं तवा नवीन. लय हात बसलेला. मंग उल्हासनगरला कारखान्यान काम मिलत व्हतं, पँटी शिवायचं. बरोबर चार बायका जायच्या."

"मग?"

"सासरा बोलला, आपले घरची सून कारखान्यान? नको. तुना घरान मशीन आनतंय. आनली. ही." हाताने दिवाणखान्याकडे दाखवलं. "पेढे वाटले मशीनचे. मंग काय, गावाची पोलकी शिवली. नात्यातलीच सगली, पैशे कोन देनार. आनि त्या चार बायका सकाली रस्त्यानं जायच्या ना, हसत हसत, मी खिरकीन बसून काजं करायची."

तूप सोडायचं राहूनच गेलं. नाचणी थोडी लागली.

"तुम्ही सांगाल दादांना?" मी विचारलं.

"मी नाय सांगनार." पटकन. "तू सांग. तुजं हाय ते."

६ जून

सांगायला वर गेले. शेड तयार. स्टुलं ओळीने, लाल-निळी-पिवळी. दादा एका स्टुलावर बसले होते, गुडघे छातीशी. एवढा मोठा माणूस.

"दादा, एक सांगायचंय."

"पंखे कमी परतान ना? मी बोल्लो त्याला, चार लाव."

"पंखे नाही..."

"आमी लहान व्हतो तवा या आंगनान पोरा मावायची नाय," ते म्हणाले. "खाली शेत व्हतं, सगली पोरा बांधावर. आता एकेक पोर एकेक खोलीन, फोन घेऊन. तवा तू त्यांना बसवलंस ना, मना वाटला घर परत भरला."

पंखा लावून दाखवला. वारा चांगला येतो.

खाली आले. चहा केला. चिडले, कुणावर ते कळेना. ओवीवर निघाला सगळा राग, ती बिचारी डिंक शोधत होती.

१० जून

बाईंचा मेसेज: सोमवारी पावणेनऊपर्यंत ये. मी अंगठा पाठवला. अंगठा पाठवणं किती सोपं आहे.

१४ जून

सांगितलं. खरंच सांगितलं. दादा मंडपवाल्याशी बोलत होते, मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"दादा, सोमवारी मला डोंबिवलीला जायचंय. शाळेत. मी नोकरी घेतलीय तिथे."

हसले. "सोमवारी? अगो सोमवारी तर तुजंच उद्घाटन हाय. मंगलवारी जा. ड्रायवर सोरेल." आणि मंडपवाल्याला, "हा, तर कमान कशी?"

नोकरी हा शब्द मी मोठ्याने म्हणाले होते. मंडपवाल्याने ऐकला, कारण त्याने माझ्याकडे बघितलं. दादांनी ऐकला नाही, की ऐकून खाली ठेवला, मला माहीत नाही.

राकेश म्हणतो, निदान बोललीस तरी. जणू सायकल शिकले मी. आणि मंगळवारी काय, हे त्याला विचारायचं नाही. मंगळवारी एक दिवस ड्रायव्हर सोडेल. बुधवारी कुणीतरी विचारेल, आज पण?

१५ जून

पर्स भरली. भरायला काय हरकत आहे, जायचंच असं कुठे ठरलंय? पट्टी, खडू, जुना एप्रन, ही वही. पाण्याची बाटली ठेवायला पुन्हा उघडली तर तळाशी काहीतरी जड. सा.बां.ची कात्री. सुती ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली. काळी मूठ, तेल लावून पुसलेली.

बाहेर आले. त्या मालिका बघत होत्या. मशीनवरच्या गोळ्या आणि रिमोट सरकवून ठेवलेले, खण अर्धा उघडा.

"आई, कात्री..."

"उद्याला लाडू कमी परतील का गो?" टीव्हीवरून नजर न काढता.

नाही पडणार म्हटलं.

१६ जून, सकाळ

जिन्यात बसून लिहितेय, पहिल्या मजल्याच्या वळणावर. वही गुडघ्यावर, पर्स शेजारी. अंगावर हिरवी पैठणी. दादांनी आणलेली. खांद्यावर पर्स घेतली तर पैठणीवर विचित्र दिसते. आरशात बघितलं मघाशी.

वर सगळे जमलेत. मांडव, कमान, मुलं स्टुलांवर (पहिल्याच दिवशी शाळेला दांडी), प्रमुख पाहुणेही आज वेळेवर, असं कधी होत नाही. लाल रिबीन बांधलीय. भटजी घाई करतायत. आणि कात्री नाही. मुलांच्या बोथट कात्र्या आहेत ढीगभर, पण दादा म्हणतात, माझे सुनेचं उद्घाटन असल्या खेळण्याने? घरची मोठी आणा. मशीनवाली.

दादा वरून ओरडले, "अगो, तुजी कात्री कुठं हाय?"

सा.बा. खालून ओरडल्या, "खनान नाय. शोधतंय, थांबा!"

शोधत नाहीयेत. मला इथून जिन्याच्या खिडकीतून दिसतात. अंगणात उभ्या आहेत.

मी उठून वर गेले, पर्स उघडली, कात्री दिली, तर दोन मिनिटांत रिबीन तुटेल, टाळ्या होतील, आणि मग लाडू, फोटो, पाहुणे. बाईंना मेसेज करता येईल, आज जमलं नाही. दादा किती खूश होतील. खरंच होतील, आणि मला ते बघवेलही, तीच भीती आहे.

आणि आज फाटक सताड उघडं आहे. पाहुण्यांसाठी पहाटेपासून उघडून ठेवलंय. चाक किंचाळायचा प्रश्नच नाही.

ओवी वरून वाकून हाक मारतेय. "आई! सगळे थांबलेत! ये ना!"

आले, म्हटलं तिला.

खाली सा.बा. पदर खोचून रस्त्यावर गेल्यात. एक रिक्षा थांबवलीय, रिक्षावाल्याशी काहीतरी बोलतायत. तो मान हलवतोय, इंजिन चालूच आहे. कुणी पाहुणे निघाले असतील बहुतेक.

पण पाहुणे तर सगळे वर आहेत.